सुभेदार रामजी सकपाळ : एका बापाची आठवण

विहाराच्या वर्धापनदिनी आपण तथागतांना वंदन करतो, बाबासाहेबांना अभिवादन करतो. माता भीमाई आणि माता रमाई यांची गाणी आपल्या उपासिका गातात. परंतु सुभेदार रामजींचे नाव मात्र आपण एका वाक्यात उरकतो. म्हणून या स्मरणिकेत त्यांच्याविषयी दोन शब्द लिहावेत, असे आम्हाला वाटले.

रामजी मालोजी सकपाळ हे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे. लष्करात ते सुभेदार पदापर्यंत चढले आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापक झाले. भीमाई व रामजींना चौदा अपत्ये झाली. त्यातली पाचच जगली. किती वेळा त्या आईबापांनी काळजावर दगड ठेवला असेल! चौदावे रत्न म्हणजे भीम, जन्म १४ एप्रिल १८९१, महू येथे.

१८९६ साली भीमाई गेल्या. भीम तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा. पेन्शनीत गेलेल्या रामजींच्या पदरात पोरं, आणि घरात बाईमाणूस म्हणजे बहीण मीराबाई. पुढे त्यांनी दुसरे लग्न केले. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून भीमाला राग येई. हेही आपण लपवू नये. संसार सावरणाऱ्या माणसाकडून सगळ्यांचं मन राखलं जातंच असं नाही.

रामजी कबीरपंथी. दारू-मांस वर्ज्य, घरात शिस्त कडक. मुंबईला परळच्या डबक चाळीत एकच खोली होती. तिथे सगळा संसार, तिथेच अभ्यास. भीम लवकर झोपे. रात्री दोनला सुभेदार त्याला उठवीत आणि मग स्वतः आडवे होत. पोराला पुस्तक हवं असलं आणि हातात पैसा नसला, तर ते लेकींच्या सासरी जात. लेकीचा दागिना गहाण ठेवून पुस्तक आणत आणि पेन्शन आली की तो सोडवून परत देत. लेकीपुढे हात पसरायला सुभेदाराला काय वाटत असेल? पण त्यांनी लाज धरली नाही.

आपल्या धम्माशीही रामजींचा एक धागा जुळतो. त्यांचे स्नेही कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी भीमाला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. ते वाचून मुलाने बापाला विचारले, तुम्ही आम्हाला रामायण-महाभारत वाचायला लावता, बुद्ध का नाही दाखवला? राम आणि कृष्ण यांचे वागणे आपल्याला पटत नाही, हेही त्याने सांगितले. रामजींनी दटावले नाही. आपण अस्पृश्य म्हणून पोरांच्या मनात न्यूनगंड येईल. द्रोण, कर्ण, वाल्मीकी हे लहान स्थितीतून किती उंच गेले ते कळावे, म्हणून ही पुस्तके, असे त्यांनी समजावले. मुलाचे समाधान झाले नाही. ही हकिकत बाबासाहेबांनी १९५६ साली 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत स्वतः सांगितली आहे. आम्हाला वाटते, प्रश्न विचारणाऱ्या पोराला ज्या घरात मार बसत नाही, त्याच घरातून मोठी माणसे निघतात.

१९१३ च्या जानेवारीत भीमराव बडोद्याच्या नोकरीवर गेले, आणि थोड्याच दिवसांत बाप आजारी असल्याची तार आली. बापासाठी मिठाई घ्यायला ते सुरतेला उतरले आणि गाडी चुकली. घरी पोचले तेव्हा सुभेदारांची नजर त्यांनाच शोधत होती. मुलाच्या पाठीवर हात ठेवून २ फेब्रुवारी १९१३ रोजी त्यांनी प्राण सोडला. त्याच वर्षी भीमराव अमेरिकेला गेले; ते पाहायला बाप नव्हता. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ निघाला, तो बाबासाहेबांनी आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केला.

बंधूभगिनींनो, आपल्या वस्तीतही असे रामजी होऊन गेले. फाटका सदरा घालून त्यांनी पोरांची फी भरली. त्यांचा पुतळा नाही, गाणे नाही. आज घरी गेल्यावर आपल्या पोरांना त्यांची नावे तरी सांगू या. आणि रात्री पोरगं अभ्यासाला बसलं असेल, तर टीव्ही बंद करून जरा त्याच्याजवळ जागू या.

जयभीम! नमो बुद्धाय!