मुलांसह जलदुर्गांची सफर : भरती-ओहोटी पाहून आखणी

मुंबई-गोवा महामार्ग कोकणाकडे वळतो तो पनवेलजवळ, पळस्पे फाट्यावर. त्यामुळे किनाऱ्यावरील बेटे आणि जलदुर्ग सलग पाहण्यासाठी पनवेलहून निघणे सोयीचे ठरते. मात्र सोबत चार-सहा वर्षांची मुले असतील, तर आखणी अंतर पाहून नव्हे, तर भरती-ओहोटी पाहून करावी.

हंगाम

पावसाळ्यात प्रवासी होड्या बंद असतात. नारळी पौर्णिमेनंतर कोळी बांधव समुद्रात उतरतात. पण लहान मुलांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ उत्तम. समुद्र शांत असतो आणि ऊनही सुसह्य असते.

तिथीचा हिशेब

कोकणात भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत सोपी आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली, की भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला सुमारे तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते. पंचमीला ही वेळ सकाळी दहाच्या सुमारास येते. पाणी ओसरत असताना निघावे आणि ते पुन्हा चढू लागण्यापूर्वी परतावे. अष्टमीच्या आसपास पाणी फारसे ओसरत नाही. म्हणून चतुर्थीला घर सोडणे इष्ट. तरीही निघण्यापूर्वी स्थानिकांकडून वेळेची खात्री करून घ्यावी.

चौदा दिवसांचा मार्ग

अलिबागला दोन रात्री राहावे. खांदेरी-उंदेरीचे दर्शन थळच्या किनाऱ्यावरूनच घ्यावे. पुढे मुरूडला दोन रात्री. जंजिऱ्यासाठी राजपुरीहून शिडाच्या होड्या सुटतात. आगरदांडा-दिघी फेरीबोटीत मोटारही चढते आणि मुलांना खरी मौज त्यातच वाटते. श्रीवर्धनला एक रात्र काढून बागमांडला-वेसवी फेरीने बाणकोटची खाडी ओलांडावी. हर्णैला दोन रात्री. सुवर्णदुर्ग समोरच दिसतो. समुद्र खवळलेला असेल तर तो किनाऱ्यावरूनच पाहावा आणि संध्याकाळी बंदरावरचा मासळीचा लिलाव मुलांना दाखवावा.

दाभोळ-धोपावे फेरीने गुहागर आणि तवसाळ-जयगड फेरीने गणपतीपुळे गाठावे. दोन्हीकडे एकेक रात्र. मालवणचा पल्ला मोठा असल्याने देवगडला मुक्काम करावा. मालवणला दोन रात्री. १६६४ ते १६६७ या काळात बांधलेल्या सिंधुदुर्गात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. भोवती खारा समुद्र आणि मध्ये गोडे पाणी, हे नवल मुले विसरत नाहीत. परतीला महामार्गाने चिपळूणला मुक्काम करून चौदाव्या दिवशी पनवेल.

खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग यांचा २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यामुळे गर्दीचा विचार करून सकाळची पहिली होडी गाठावी.

सुरक्षितता

१८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि पंधरा जणांचा बळी गेला. त्यात लहान मुलेही होती. जीवरक्षक जाकीट होडी सुटण्यापूर्वीच अंगात हवे, हा त्याचा धडा. होडीवरील जाकिटे बहुधा मोठ्यांच्या मापाची असतात. म्हणून मुलांच्या वजनाप्रमाणे, पायांमधून पट्टा असलेले जाकीट घरूनच न्यावे. ते चढवून खांद्यांपाशी वर ओढून पाहावे. हनुवटीवर सरकले तर ते सैल आहे असे समजावे. होडी भरलेली दिसली, तर दुसरीची वाट पाहावी.

हे लक्षात ठेवा

* ज्या दिवशी किल्ला, त्या दिवशी लांबचा प्रवास नको.
* होडीत चढण्यापूर्वी हलका आहार द्यावा. मुलांना मध्यभागी बसवून क्षितिजाकडे पाहायला सांगावे. मळमळीचे औषध बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच द्यावे.
* पिण्याचे पाणी, टोपी, कोरडे कपडे आणि मीठ-साखरेची पुडी जवळ ठेवावी.
* होडीत चढता-उतरताना प्रत्येक मुलामागे एक मोठे माणूस असावे.
* नावाडी नको म्हणाला, तर आग्रह धरू नये. किल्ले साडेतीनशे वर्षे उभे आहेत. पुढच्या खेपेलाही ते तिथेच असतील.