पोटाला उपास की पेज? आजारी पोटाच्या पथ्याची गोष्ट



पावसाळा सुरू झाला की बोईसर-तारापूर पट्ट्यात माझ्यासारख्या डॉक्टरांकडे उलट्या-जुलाबाच्या रुग्णांची रांग लागते. तपासून, औषध लिहून झाले की बहुतेकांचा शेवटचा प्रश्न एकच असतो, "डॉक्टर, खायचं काय?" आणि सोबत आलेली आजी परस्पर उत्तर देऊन टाकते, "काही नको, पोटाला जरा आराम दे."

सुरुवातीच्या काळात हाच सल्ला मीही देत असे, हे आज कबूल करतो. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षांत एका दीड वर्षाच्या मुलाच्या आईला मी सांगितले होते, "जुलाब थांबेपर्यंत पाण्याशिवाय काही देऊ नका." तिने माझा शब्द पाळला. चार दिवसांनी जुलाब कमी झाले होते, पण मूल मान टाकून बसले होते. आधीच अशक्त असलेल्या त्या मुलाला पूर्वपदावर यायला दोन महिने लागले. जंतूंनी केले त्यात मी भर घातली होती. आजचा लेख त्या चुकीच्या सल्ल्याविषयी आहे. तो आला कुठून आणि गेला कसा, ते पाहू.

मोडशी आणि कांजी

'मोडशी' हा आपला जुना शब्द आहे. अपचन, उलट्या-जुलाब, पटकी या सगळ्यांसाठी तो वापरला जाई. हाच शब्द पोर्तुगीजांनी उचलला आणि त्याचे 'मोर्देशीं' केले. पुढे फ्रेंचांनी त्याचे 'मोर द शियाँ', म्हणजे 'कुत्र्याचे मरण', असे करून टाकले!

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. त्याच वर्षी वसईचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. आपल्या तारापूरचा किल्लाही पुढे १७३९ च्या मराठ्यांच्या मोहिमेपर्यंत त्यांच्याच ताब्यात होता. ओर्ताने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात पटकीच्या आजाराचे वर्णन केले आहे आणि त्याचे देशी नावही दिले आहे. इथले लोक अशा रुग्णाला मिरी-जिरे घातलेले तांदळाचे पाणी, म्हणजे कांजी, पाजतात असे तो लिहितो. त्याच ठिकाणी रुग्णाच्या पायांना डाग देण्याचा उपायही आहे. त्यामुळे जुने ते सगळे सोने असे समजू नका. पण कांजी मात्र खरोखर सोने निघाली.

त्याही आधी चरकसंहितेत, वमन-विरेचनानंतर थकलेल्या पोटाला पुन्हा अन्नावर आणण्याचा क्रम सांगितला आहे. आधी पातळ पेया, मग दाट विलेपी, मग कडधान्याचे यूष आणि शेवटी मांसरस. म्हणजे पोट रिकामे ठेवायचे नाही, पायरीपायरीने भरायचे.

मग उपाशी ठेवण्याची रीत कुठून आली?

१८१७ मध्ये बंगालमधून पटकीची मोठी साथ निघाली आणि पुढच्याच वर्षी मुंबईला पोहोचली. त्या काळचे युरोपीय डॉक्टर अशा रुग्णाचे रक्त काढत, पारायुक्त जुलाब देत, अफू देत. ज्याच्या अंगातले पाणी आधीच संपले आहे, त्याचेच रक्त काढायचे! १८३१ मध्ये ओशॉनेसी या तरुण डॉक्टरने रुग्णांचे रक्त तपासून दाखवले की त्यातले पाणी आणि क्षार कमी झालेले असतात. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये थॉमस लाटा यांनी शिरेतून मिठाचे पाणी दिले. आजच्या सलाइनचा हा पूर्वज. तरीही ही पद्धत रुळायला अनेक दशके गेली.

दरम्यान 'आतड्याला विश्रांती' ही कल्पना रुजली. जखमी पाय हलवायचा नाही, तसे जखमी आतडे वापरायचे नाही, असा तो तर्क. मुदतीच्या तापात, म्हणजे टायफॉइडमध्ये, ही भीती सर्वांत जास्त होती. या आजारात लहान आतड्याला व्रण पडतात आणि क्वचित ते फुटतात. म्हणून कित्येक आठवडे फक्त दूध किंवा पातळ पदार्थ देत. आपल्याकडेही मोसंबीच्या रसावर महिना काढलेले आजी-आजोबा तुम्हाला भेटतील. डब्लिनचे डॉ. रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी एकोणिसाव्या शतकातच तापाच्या रुग्णांना खायला घालायला सुरुवात केली होती. आपल्या थडग्यावर तेवढेच लिहा, असे ते म्हणत असल्याचे सांगतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या डॉ. वॉरेन कोलमन यांनी टायफॉइडच्या रुग्णांना भरपूर उष्मांकांचा मऊ आहार दिला. रुग्णांची झीज कमी झाली.

लहान मुलांच्या जुलाबाबाबत १९४८ मध्ये चुंग आणि विस्कोरोवा यांनी काही मुलांना लवकर खायला दिले, काहींना उपाशी ठेवले आणि तुलना केली. खाणाऱ्या मुलांचे काही बिघडले नाही. जुलाब चालू असतानाही बरेचसे अन्न अंगी लागते, हे दिसले. पण जुनी सवय सुटली नाही. माझ्यापर्यंत ती पोहोचली, ती अशी.

मीठ, साखर आणि एक दार

कांजी लागू का पडते, याचे उत्तर १९६० च्या सुमारास मिळाले. आतड्याच्या पेशींवर एक दार असते. त्यातून ग्लुकोज आणि मिठातले सोडियम जोडीनेच आत जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी ओढले जाते. बहुतेक जुलाबांत हे दार चालू राहते. कोलकात्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी त्याआधीच, १९५३ मध्ये, १८६ रुग्णांना मीठ-ग्लुकोजचे पाणी पाजून बरे केल्याचे प्रसिद्ध केले होते. फारसे कोणी लक्ष दिले नाही.

१९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांची पाकिटे भरून घेतली, पिंपांत पाणी कालवले आणि नातेवाइकांनाच ते पाजायला लावले. सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यू ३.६ टक्क्यांवर आले. हेच आपले ओआरएस. डॉ. महालनोबीस यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

पुढे १९८२ मध्ये ढाक्यातल्या संशोधकांनी ग्लुकोजऐवजी तांदळाचे पीठ वापरून पाहिले. तेही लागू पडले. तांदळातला स्टार्च आतड्यात हळूहळू ग्लुकोज सोडतो आणि मीठ-पाण्याला आत नेतो. म्हणजे मीठ घातलेली पेज! ओर्ताने गोव्यात पाहिलेल्या वाटीमागचे शास्त्र चारशे वर्षांनी समजले.

आणि 'विश्रांती'चे काय? आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी दर तीन ते पाच दिवसांनी नव्या येतात. या नव्या पेशींचे पोषण बरेचसे आतड्यातून जाणाऱ्या अन्नावरच होते. उपाशी आतडे विश्रांती घेत नाही, ते सुकते.

तर तुम्ही काय कराल?

- पहिले काही तास उलट्या होत असतील तर ओआरएस चमचा-चमचा द्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त नको.
- उलटी थांबली, भूक लागली की भाताची मिठाची पेज. मग मऊ भात-मेतकूट, मुगाच्या डाळीची पातळ खिचडी, केळे, उकडलेला बटाटा, ताजे दही किंवा ताक. जव्हार-मोखाड्याकडची नाचणीची आंबीलही चालेल. उत्तर प्रदेश-बिहारकडून आलेल्या कामगार मित्रांनो, तुमच्या घरचे 'माड' मीठ घालून प्या, ती आमची पेजच.
- दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे खा.
- तळलेले, तिखट, बाटलीतली गोड पेये काही दिवस नकोत. तोंडाला चव नाही म्हणून सुक्या बोंबलाची चटणी आठवते, मला माहीत आहे. आठवडाभर थांबा.
- दुधाने पोट फुगत असेल तर मोठ्यांनी ते काही दिवस बंद ठेवा. बाळाचे अंगावरचे दूध मात्र कधीही थांबवू नका.
- लहान मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने १० ते १४ दिवस झिंक द्या आणि बरे झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्या.

शौचात रक्त, जोराचा ताप, पोटात असह्य दुखणे, सहा तास लघवी नाही, खोल गेलेले डोळे, गुंगी किंवा पाणीही न टिकणे, यांपैकी काहीही दिसले तर पेजेवर थांबू नका, लगेच दवाखान्यात या. गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांनी तर वाट पाहूच नये. रक्त पडत असताना जुलाब बांधणारी गोळी दुकानातून आणून घेऊ नका. प्रतिजैविकेही स्वतःहून नकोत.

ते दीड वर्षाचे मूल आता मोठे झाले आहे. मागच्या पावसाळ्यात तो स्वतःच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आला होता. तिलाही जुलाब. सोबत तीच आई, आता आजी झालेली. मी काही बोलायच्या आत तिने विचारले, "डॉक्टर, हिला उपाशी ठेवू ना?"

"नाही, ताई," मी म्हणालो. "तेव्हा मी चुकीचं सांगितलं होतं. घरी जा आणि पेज टाका."

काळजी घ्या, पाणी उकळून प्या, आणि आजारी माणसाला उपाशी ठेवू नका.