सातपुड्याच्या पायथ्याशी, ३० जुलै १९९१

३० जुलै १९९१. उजाडायचं आहे. तुम्ही आष्टी गावात, एका कवेलूच्या घराच्या ओसरीत उभे आहात. झड लागलीय. उत्तरेला सातपुडा आहे. दिसत नसला, तरी त्याचं काम चालूच आहे.

डोंगराशी आलेली दमट हवा मंद आणि स्थिर असेल, तर वळसा घालून निघून जाते. वाऱ्याला जोर असेल, तर चढते. चढताना ती थंड होते, वाफेचं पाणी होतं, आणि त्यात सुटलेली उष्णता तिला आणखी वर रेटते. काही किलोमीटर रुंदीचे असे ढग त्याच उतारावर एकामागून एक उठत राहिले, की सगळा पाऊस एकाच पाणलोटावर कोसळतो.

पंचवीस वर्षं मागे जा. १९६६, पुणे. उष्णदेशीय हवामान संस्थेतले आर. पी. सरकार मुंबई-पुणे रेषेवरचा सह्याद्री समीकरणांत मांडताहेत. घाटमाथ्याच्या थोडं अलीकडेच पाऊस सर्वांत जास्त का, याचं उत्तर त्यांच्या गणितातून निघतं. म्हणजे डोंगर किती पाऊस पाडेल, हे आधी काढता येतं.

पुन्हा १९९१. दिल्लीतल्या क्रे महासंगणकावर हवामानाचं प्रारूप चालतं, पण त्याच्या जाळीतल्या दोन बिंदूंत शंभरावर किलोमीटर आहेत. मुलताईच्या पठारावरून तापी पश्चिमेला जाते, वर्धा दक्षिणेला. कोणता ढग कोणत्या नदीच्या वाट्याला येईल, हे त्या जाळीत मावतच नाही. पर्जन्यमापकातलं पाणी सकाळी साडेआठला मोजपात्रात ओततील: चोवीस तासांचा एकच आकडा. रात्री दोन तासांत किती कोसळलं, ते त्यातून कळत नाही. आष्टीच्या ईशान्येला, चाळीसेक किलोमीटरवर, वर्धेचा पूर मोवाड गावात शिरतो. २०४ माणसं जातात.

आता २०२५ मध्ये या. नागपूरला डॉप्लर रडार आहे. २६ मेपासून भारत फोरकास्ट सिस्टीम या हवामान-प्रारूपाची सहा किलोमीटरची जाळी सुरू झालीय. सातपुड्याचे उतार तिला ओळखता येतात. पण जिल्ह्याच्या नावाने आलेला इशारा नदीकाठच्या कास्तकाराला पुरत नाही. वर्धेच्या वरच्या खोऱ्यात किती पाऊस झाला आणि पाणी गावात किती वाजता पोचेल, एवढं त्याला वेळेत कळलं पाहिजे. डोंगरावरच्या वाऱ्या-पावसाचा अभ्यास करायचा तो यासाठी.