दर्यावरचा ठराव, बंदरावरचा कायदा

२८ मार्च १९९५ या दिवशी न्यूयॉर्क शहरात, संयुक्त राष्ट्रसंघाच्या इमारतीसमोर, ईस्ट नदीच्या पात्रात एक पडाव उभा होता आणि त्यावर यारीने एक भलेमोठे जाळे टांगलेले होते. समोर वार्ताहरांची गर्दी होती आणि कॅनडाचे मत्स्योद्योगमंत्री ब्रायन टोबिन त्या जाळ्याकडे बोट दाखवून बोलत होते. राष्ट्रसंघात त्याच दिवसांत मासेमारीवरची परिषद भरलेली होती. राजकारणी माणसाला वेळ साधता येते, ती अशी!

ते जाळे होते ‘एस्ताई’ नावाच्या एका स्पॅनिश ट्रॉलरचे. जाळ्याच्या विणीत जी उघडी घरे असतात, त्यांना आपल्याकडे आस म्हणतात. आस मोठा असला तर लहान पिल्ले त्यातून निसटतात, वाढतात, अंडी घालतात आणि मग पुढे कधीतरी जाळ्यात येतात. आस लहान केला तर आजची रास मोठी दिसते, पण उद्याची पैदास आजच पाटीत येते. त्या समुद्रात आस १३० मिलिमीटरचा असावा असा नियम होता. कॅनडाचे म्हणणे असे, की एस्ताईच्या जाळ्याचा आस ११५ मिलिमीटरचा होता आणि त्याच्या आत आणखी एक जाळे बसवलेले होते, त्याचा आस तर अवघा ८० मिलिमीटरचा. जाळ्याच्या पोटात जाळे! ही युक्ती समजायला कोणी समुद्रशास्त्र शिकलेले असावे लागत नाही.

परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबून एक प्रश्न विचारला पाहिजे. हा १३० चा आकडा ठरवला कोणी? आणि तो एस्ताईच्या तांडेलावर बंधनकारक झाला कसा? एस्ताई पकडली गेली ती कॅनडाच्या किनाऱ्यापासून सुमारे २४५ सागरी मैलांवर. कॅनडाची हद्द २०० मैलांची. म्हणजे ती बोट खुल्या समुद्रात होती, आणि खुल्या समुद्रात बोटीवर कायदा चालतो तो तिच्या ध्वजाचा. ध्वज स्पेनचा. पण स्पेन १९८६ साली युरोपीय समुदायात सामील झाला होता, आणि मासे राखण्याचा अधिकार स्पेनकडे तरी कुठे उरला होता?

ही गुंतागुंत समजून घ्यायची तर थोडे मागे जावे लागेल. ईशान्य अटलांटिकच्या मासेमारीसंबंधी लंडनमध्ये १९५९ साली एक करार झाला होता. त्या कराराखाली ठरलेली मर्यादा अमलात आणण्यासाठी नेदर्लंड्सने आपल्या मच्छीमारांवर बंधने घातली, आणि ती मोडल्याबद्दल क्रेमर आणि इतर काही मच्छीमारांवर खटले भरले. मच्छीमारांनी बचाव मांडला, की आमच्या देशाला असा नियम करण्याचा अधिकारच नाही, तो युरोपीय समुदायाचा आहे. प्रकरण लक्झेंबर्गच्या न्यायालयात गेले. १४ जुलै १९७६ रोजी निकाल लागला. समुदायाला असे आंतरराष्ट्रीय करार करण्याचा अधिकार आहे, पण त्याने तो अजून वापरलेला नाही, म्हणून तूर्त नेदर्लंड्सचा नियम चालेल, असा त्याचा मथितार्थ. हे ‘तूर्त’ फार दिवस टिकले नाही. १९७९ च्या आरंभापासून मत्स्यसंरक्षणाचे कायदे करण्याची सत्ता पूर्णपणे समुदायाकडे गेली, असे याच न्यायालयाने १९८१ साली ब्रिटनविरुद्धच्या खटल्यात स्पष्ट सांगितले. एका साध्या फौजदारी खटल्यातून केवढा सत्तापालट झाला, पाहा!

याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडच्या तीरावर वायव्य अटलांटिक मत्स्य संघटना स्थापन झाली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘नाफो’ म्हणतात. १९७९ साली तिचा करार अमलात आला. तिच्यात युरोपीय समुदाय स्वतः एक सभासद म्हणून बसला. नाफोचे काम असे, की २०० मैलांबाहेरच्या पाण्यात कोणता मासा वर्षाला किती टन काढायचा, कोणाचा वाटा किती, जाळ्याचा आस किती, हे ठरवायचे. मात्र तिच्या करारात एक पळवाट होती. ठराव झाल्यावर ६० दिवसांच्या आत जो सभासद आक्षेप नोंदवील, त्याच्यावर तो ठराव बंधनकारक राहत नसे. कारण देण्याचीही सक्ती नव्हती. गावकीत सर्वांनी मिळून विहिरीचे पाणी बेताने काढायचे ठरवावे, आणि एकाने उठून ‘मला मंजूर नाही’ एवढे सांगून दोर सोडावा, तसलाच हा प्रकार! १९८० नंतरच्या दशकात युरोपने ही पळवाट वारंवार वापरली.

इकडे न्यूफाउंडलंडचा कॉड मासा संपत आला होता. १९६८ साली त्या उत्तरेकडच्या कॉडची पकड ८ लाख टनांवर गेली होती. १९७७ साली कॅनडाने २०० मैलांची हद्द आखली आणि परदेशी बोटी बाहेर घालवल्या. मग मासा वाचला का? नाही. कॅनडाच्याच ट्रॉलरांनी ती जागा घेतली, आणि साठ्याचे अंदाजही फाजील आशावादी निघाले. हे मुद्दाम सांगतो, कारण टोबिन यांच्या जाळ्याकडे पाहताना हा भाग सहज विसरला जातो. २ जुलै १९९२ रोजी कॉडची मासेमारी बंद झाली. सुमारे ३० हजार माणसांचा रोजगार एका घोषणेने गेला. पाच शतके ज्या माशावर किनाऱ्याची गावे जगली, तो मासा काढणे गुन्हा ठरले. घरापुढे बोट उलटी घालून बसलेल्या माणसाला क्षितिजापलीकडे परदेशी ट्रॉलर अजून चालू आहेत हे ठाऊक असेल, तर त्याचे मन काय म्हणेल, हे सांगायला नको.

ते ट्रॉलर आता ग्रीनलंड हॅलिबटच्या मागे होते. आपल्या लेपासारखा चपटा, पण खोल व थंड पाण्यातला हा मासा. तिकडे त्याला टर्बट असेही म्हणतात. नाफोने १९९५ सालासाठी त्याची मर्यादा २७,००० टन ठरवली. वाटणीत कॅनडाला १६,३०० टन आणि युरोपला ३,४०० टन मिळाले. ही वाटणी सहा विरुद्ध पाच मतांनी झाली होती, दोघे तटस्थ राहिले होते. युरोपने लगोलग आक्षेप नोंदवला आणि स्वतःसाठी १८,६३० टन हा आकडा स्वतःच ठरवून टाकला.

कॅनडाने आपली तयारी आधीच केली होती. मे १९९४ मध्ये त्याने किनारी मत्स्यसंरक्षण कायद्यात दुरुस्ती करून हद्दीबाहेरच्या बोटी पकडण्याचा अधिकार घेतला. ज्या १० मे रोजी ते विधेयक संसदेत मांडले, त्याच दिवशी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाला कळवून टाकले, की या बाबतीतले दावे तुमच्यापुढे चालणार नाहीत. म्हणजे आपण काय करणार आहोत, हे त्याला पुरते माहीत होते. मार्च १९९५ च्या आरंभी स्पेन आणि पोर्तुगाल यांच्या बोटींची नावनिशी त्या कायद्याखाली आली, आणि ९ मार्चला काही तास पाठलाग करून, बोटीच्या पुढे मशीनगनच्या फैरी झाडून एस्ताई ताब्यात घेण्यात आली. पळताना खलाशांनी जाळे तोडून समुद्रात सोडले होते. तेच कॅनडाने तळातून काढून न्यूयॉर्कला नेले.

युरोपने याला चाचेगिरी म्हटले. स्पेनने आपल्या गस्तीच्या नौका धाडल्या. गंमत अशी, की युरोपातच असलेल्या इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर मच्छीमारांनी कॅनडाचे झेंडे फडकवले! आपल्या पाण्यात शिरणाऱ्या स्पॅनिश बोटींवरचा त्यांचा राग जुना होता. स्पेनने हेगला दावा लावला तो ४ डिसेंबर १९९८ रोजी बारा विरुद्ध पाच मतांनी निघाला, तो ‘आम्हाला अधिकार नाही’ असा. कॅनडाचे कृत्य योग्य की अयोग्य, हे न्यायालयाने ठरवलेच नाही. माझ्या मते खुल्या समुद्रावर परक्या बोटीवर गोळी झाडणे ही कायद्याची वाट नव्हे. पण नियम करायचा आणि तो मोडणाऱ्याला ‘मला मंजूर नाही’ म्हणण्याची मुभाही द्यायची, हीही कायद्याची वाट नव्हे.

एप्रिल १९९५ मध्ये तडजोड झाली. युरोपला ३,४०० टनांपेक्षा बराच मोठा वाटा मिळाला, एस्ताईचा जामीन परत झाला, आरोप मागे घेतले गेले. वरवर पाहता कॅनडाच हरला. परंतु त्याने मिळवले ते वेगळेच होते. नाफोच्या पाण्यातल्या प्रत्येक बोटीवर एक निरीक्षक बसेल आणि शंभरातल्या पस्तीस बोटींवर उपग्रहाची नजर राहील, असा प्रयोग मान्य झाला. त्याच वर्षी २१ डिसेंबरला युरोपने ही निरीक्षकांची योजना आपल्या कायद्यात घातली. जाळ्याच्या प्रदर्शनाची छायाचित्रे जगभर छापून आली. या विनियमाकडे कोण पाहणार? पण माशांच्या दृष्टीने महत्त्व यालाच आहे.

युरोपचा ‘विनियम’ ही चीज समजून घेण्यासारखी आहे. तो प्रत्येक सभासद देशात जसाच्या तसा लागू होतो, संसदेने तो पुन्हा मंजूर करावा लागत नाही. मग अडते कुठे? एक म्हणजे वेळेत. नाफोची बैठक सप्टेंबरात होते आणि ठराव पुढच्या वर्षाच्या आरंभी लागू व्हायचा असतो. युरोपचे चक्र तितक्या वेगाने फिरत नाही. हॅलिबटचा साठा सावरण्यासाठी नाफोने पंधरा वर्षांची योजना २००३ साली केली. तिच्यासाठी युरोपचा स्वतंत्र विनियम निघाला तो डिसेंबर २००५ मध्ये. मधल्या काळात वार्षिक विनियमांतून तात्पुरती डागडुजी चालली होती. शेवटी २०१९ साली नवा विनियम करून नाफोचे बदलते नियम झटपट आत घेण्याचा अधिकार युरोपीय आयोगाला दिला गेला.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. नियम ब्रुसेल्समध्ये होतो, पण पाटीतला मासा मोजायचा असतो तो स्थानिक बंदरावरच्या शिपायाने, आणि दंड करायचा तो त्या देशाच्या न्यायाधीशाने. याचे उदाहरण नाफोच्या पाण्यातले नाही, खुद्द युरोपच्या किनाऱ्यावरचे आहे, पण दुखणे तेच. फ्रान्सच्या बंदरांत लहान आकाराचा हेक मासा उघड विकला जातो, असे आयोगाच्या तपासनिसांना १९८४ ते १९८७ या काळात दिसले. १९९१ साली न्यायालयाने फ्रान्सला दोषी ठरवले. तरीही लिलावाच्या ठिकाणी कमी मापाचा मासा ‘००’ अशा खुणेखाली चालूच राहिला. चोराने आपल्या चोरीची स्वतंत्र वही ठेवावी, तसे! १२ जुलै २००५ रोजी न्यायालयाने फ्रान्सला एकरकमी २ कोटी युरो दंड केला, आणि सुधारणा न झाल्यास दर सहामाहीला ५ कोटी ७७ लाखांहून अधिक युरो असा आणखी. असे दोन्ही दंड एकाच वेळी बसण्याची ही पहिलीच वेळ. बोटभर पिल्लांनी फ्रान्सच्या तिजोरीला हात घातला म्हणायचे!

ज्या परिषदेच्या वेळी ते जाळे ईस्ट नदीवर टांगले होते, तिचे फळ ऑगस्ट १९९५ मध्ये आले. एका देशाच्या तपासनिसाला खुल्या समुद्रात दुसऱ्या देशाच्या बोटीवर चढून पाहता येईल, अशी रीतसर वाट त्या करारात आहे. तो डिसेंबर २००१ मध्ये अमलात आला. २००३ साली युरोप त्यात आला, आणि त्याच वर्षी भारतही. तेव्हा वाचकहो, हे दूरच्या थंड समुद्राचे प्रकरण आहे असे समजू नका. आपल्या राज्यघटनेप्रमाणे मासेमारी हा राज्याचा विषय, पण प्रादेशिक समुद्राबाहेरची मासेमारी केंद्राचा. म्हणून १९८१ चा महाराष्ट्राचा सागरी मासेमारी कायदा बारा मैलांपर्यंत, आणि पुढे दिल्ली. माशाला ती रेघ दिसत नाही. ससून डॉकला पाटी उतरवताना मासा कोणत्या बाजूचा, हे सांगणेही सोपे नाही. ठराव कुठेही झाला, तरी आस मोजायचा तो इथेच धक्क्यावर.

नाफोच्या करारातील ती पळवाट अखेर अरुंद झाली. २००७ साली केलेली दुरुस्ती मे २०१७ मध्ये अमलात आली, आणि आता आक्षेप घेणाऱ्याला कारण द्यावे लागते, आपण त्याऐवजी काय करणार तेही सांगावे लागते. जून २०२४ मध्ये कॅनडाने कॉडवरची बंदी उठवली. बत्तीस वर्षांनंतर मर्यादा ठेवली १८,००० टनांची. १९६८ सालच्या ८ लाखांशी ताडून पाहा. या पकडीतला ५ टक्के वाटा नाफोच्या इतर सभासदांचा असतो. म्हणजे खुल्या समुद्रात कॉडच्या शोधात युरोपचे ट्रॉलर पुन्हा आले, निरीक्षक आणि उपग्रहाची पेटी बरोबर घेऊन. न्यूफाउंडलंडच्या धक्क्यावर या निर्णयाचे स्वागत करणारे थोडे आणि त्यावर चिडलेले पुष्कळ होते.