उपाध्यक्ष आणि उपसभापती : दुसरी खुर्ची दुय्यम नाही

ग्रामपंचायतीच्या सभेला सरपंच हजर नसतील तर उपसरपंच अध्यक्षस्थानी बसतात, हे सिंदी (मेघे) मधल्या कोणालाही सांगावे लागत नाही. सरपंचाला आता गाव थेट निवडून देते, उपसरपंचाला मात्र सदस्य आपल्यातून निवडतात. संसदेत आणि विधिमंडळातही अशीच दुसरी खुर्ची आहे. तिच्याबद्दल आपल्या अभ्यासवर्गांत फारसे बोलले जात नाही, म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

संविधानातील तरतुदी

लोकसभा उपाध्यक्ष : कलम ९३ ते ९६
राज्यसभा उपसभापती : कलम ८९ ते ९२
विधानसभा उपाध्यक्ष : कलम १७८ ते १८१
विधान परिषद उपसभापती : कलम १८२ ते १८५

या चारही पदांवरील व्यक्ती सभागृहाने आपल्याच सदस्यांतून निवडलेली असते. उपाध्यक्ष हा अध्यक्षाचा नेमलेला मदतनीस नसतो. अध्यक्षाचे पद रिकामे झाले की त्या पदाची कर्तव्ये तो पार पाडतो आणि अध्यक्ष गैरहजर असतील तेव्हा सभागृह चालवतो. खुर्चीवर असताना तो एरवी मत देत नाही, समसमान मते पडली तरच निर्णायक मत देतो. खुर्चीवर नसताना इतर सदस्यांप्रमाणे बोलू शकतो आणि मतदानही करू शकतो. त्याला हटवायचे असेल तर चौदा दिवसांची नोटीस आणि सभागृहाच्या तत्कालीन एकूण सदस्यांच्या बहुमताचा ठराव लागतो.

राज्यसभेत या पदाला आणखी एक महत्त्व आहे. तिथले सभापती म्हणजे देशाचे उपराष्ट्रपती, ते सभागृहाचे सदस्य नसतात. राज्यसभा स्वतः निवडते तो पीठासीन अधिकारी म्हणजे उपसभापतीच.

राजीनामा कोणाकडे?

लोकसभेचे अध्यक्ष राजीनामा राष्ट्रपतींकडे देत नाहीत, उपाध्यक्षांकडे देतात. उपाध्यक्ष तो अध्यक्षांकडे देतात. संविधान सभेत यावर आक्षेप आला तेव्हा बाबासाहेबांनी त्यामागचे तत्त्व समजावून सांगितले. माणूस ज्याने निवडले त्याच्याकडे राजीनामा देतो. या दोघांना सभागृह निवडते, पण प्रत्येक सदस्याच्या नावे राजीनामा लिहिता येत नाही, म्हणून सभागृहाचे प्रतिनिधी या नात्याने ते तो एकमेकांकडे देतात. म्हणजे या खुर्चीवर सरकारची मालकी नाही.

संविधान सभेतही दुसऱ्या खुर्चीवरील व्यक्तीने मोठा भार उचलला. अस्पृश्यता नष्ट करणारे कलम (आजचे कलम १७) २९ नोव्हेंबर १९४८ रोजी मंजूर झाले, तेव्हा अध्यक्षस्थानी उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी होते.

आपल्या शेजारचे दोन नेते

वर्धा जिल्ह्याला एका बाजूने चंद्रपूर आणि दुसऱ्या बाजूने अमरावती जिल्हा लागून आहे. या दोन्ही जिल्ह्यांनी रिपब्लिकन चळवळीचा एकेक नेता अशा खुर्चीवर बसवला.

चंद्रपूरचे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे १९६९ ते १९७२ या काळात राज्यसभेचे उपसभापती होते. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरात झालेल्या धम्मदीक्षा सोहळ्याच्या आयोजनात ते अग्रभागी होते. अमरावती जिल्ह्यातील दारापूरचे रा. सू. गवई १९६८ ते १९७८ अशी दहा वर्षे महाराष्ट्र विधान परिषदेचे उपसभापती होते आणि त्यानंतर सभापती झाले.

दोघेही सत्तेतल्या मोठ्या पक्षाचे नव्हते. छोट्या पक्षाच्या माणसाच्या हाती सभागृहाची सूत्रे येऊ शकतात, हे त्यांच्या निवडीने दाखवून दिले. कोणाला बोलायची संधी मिळेल, कोणता मुद्दा नियमात बसतो, हे खुर्ची ठरवते. त्यामुळे ती कोणाकडे आहे याने फरक पडतो.

खुर्ची रिकामी राहिली तर

महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२१ मध्ये नाना पटोले यांनी विधानसभेच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिला, तो उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांच्याकडे. नवे अध्यक्ष निवडले गेले ३ जुलै २०२२ रोजी. मधला सव्वा वर्षाहून अधिक काळ कामकाजाची धुरा झिरवाळांकडेच होती. जून २०२२ च्या सत्तासंघर्षात १६ आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा त्यांनीच बजावल्या आणि त्यांनाच हटवण्याची नोटीसही आली. दुसरी खुर्ची किती निर्णायक ठरू शकते, ते तेव्हा सगळ्यांना कळले.

लोकसभेचे चित्र वेगळे आहे. १७व्या लोकसभेने (२०१९–२०२४) पूर्ण कार्यकाळात उपाध्यक्ष निवडलाच नाही. असे पहिल्यांदाच घडले. १८वी लोकसभा जून २०२४ मध्ये अस्तित्वात आली, तिथेही वर्ष उलटेपर्यंत निवड झाली नव्हती. पी. एम. सईद, चरणजितसिंग अटवाल, करिया मुंडा हे उपाध्यक्ष सत्ताधारी आघाडीबाहेरचे होते. पद विरोधकांना देण्याचा तो संकेत आहे, कायद्याचे बंधन नाही.

पळवाट कुठे आहे? कलम ९३ शक्य तितक्या लवकर निवड करायला सांगते, पण मुदत घालत नाही. निवडणुकीची तारीख ठरवण्याचा अधिकार लोकसभेच्या नियमांनुसार अध्यक्षांकडे आहे. दरम्यान तालिकेवरील सदस्य कामकाज चालवतात. मात्र त्यांची नावे अध्यक्ष ठरवतात, सभागृह त्यांना निवडत नाही. उपाध्यक्ष आणि तालिका सदस्य यांत हाच मूळ फरक आहे.

आपण काय करावे?

संविधान दिनाच्या कार्यक्रमात उद्देशिकेच्या वाचनासोबत कलम ९३ ते ९६ वाचावीत. आपल्या खासदाराला विचारावे, की उपाध्यक्षाच्या निवडीसाठी तुम्ही सभागृहात काय केले? आणि गावात उपसरपंचाची निवड असेल, तेव्हा ते पद नाराजाची समजूत काढायला वाटले जात नाही ना, यावर लक्ष ठेवावे. सरपंच नसतील त्या दिवशी आपल्या वस्तीचा अर्ज त्याच खुर्चीपुढे येणार आहे.