मंद्रनादाचा गृहप्रवेश

ध्वनीला घरांत आणणें मनुष्यास पुष्कळ पूर्वींच साधलें. परंतु मंद्र स्वरांना त्या घरांत जागा मिळावयास बराच काळ लागला. १९२५ सालीं अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या राइस व केलॉग या संशोधकांनीं, चुंबकाच्या क्षेत्रांत हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्यास कागदी शंकु जोडून केलेल्या लाउडस्पीकरचें वर्णन प्रसिद्ध केलें. आजचे बहुतेक लाउडस्पीकर त्याच कुळांतले. पण खर्जासाठीं पुष्कळ हवा ढकलावी लागते, म्हणून पेटी कपाटाएवढी लागे. १९५४ सालीं एडगर व्हिलचर यानें बंद पेटींतील हवेकडूनच स्प्रिंगचें काम करून घेतलें आणि लहान पेटींतूनहि खर्ज निघूं लागला.

पुढचें पाऊल चित्रपटगृहांनीं टाकलें. १९७४ सालच्या ‘अर्थक्वेक’ या चित्रपटासाठीं ‘सेन्सराउंड’ नामक योजनेनें प्रेक्षकांच्या खुर्च्या हादरविल्या. १९७७ सालीं ‘स्टार वॉर्स’च्या ७० मिलिमीटर प्रतींत मंद्र ध्वनीस स्वतंत्र पट्टा मिळाला, १९९२ सालीं ‘बॅटमॅन रिटर्न्स’बरोबर डॉल्बीची अंकीय पद्धति आली. तिच्या ‘५·१’ या नांवांतला दशांश तो याच ध्वनीचा. १९९६ सालीं जपानांत डीव्हीडी निघाली आणि सबवूफर दिवाणखान्यांत शिरला.

पेटी आली, पण चित्रपटगृहाचा विस्तार कांहीं बरोबर आला नाहीं. दर सेकंदास २० कंपनांच्या लहरीची लांबी सुमारें १७ मीटर. दिवाणखाना चार-पांच मीटरांचा! भिंतींवरून परतलेल्या लहरी एके ठिकाणीं एकमेकींस बळ देतात, तर दुसऱ्या ठिकाणीं एकमेकींचा नाश करतात. कोपऱ्यांत पेटी ठेवल्यास आवाज वाढतो, पण कित्येकदां तो नुसता घुमतो. येथें एकोणिसाव्या शतकांतील हेल्महोल्त्सचें एक तत्त्व उपयोगीं पडतें: ध्वनीचें उगमस्थान व श्रोता यांनीं जागा बदलल्या, तरी ऐकूं येणारा परिणाम तोच राहतो. म्हणून पेटी श्रोत्याच्या आसनावर ठेवावी, खर्जाचें संगीत लावावें आणि भिंतींच्या कडेनें गुडघ्यांवर रांगत ऐकावें. जेथें प्रत्येक स्वर सारख्या भारानें येईल, तेथें पेटीची स्थापना करावी.

मग ८० कंपनांच्या आसपास मोठ्या व लहान पेट्यांच्या कामाची वांटणी करावी. तेवढ्या खालच्या ध्वनीची दिशा कानास सहसा उमगत नाहीं. फेज बदलण्याची कळ दोन्ही बाजूंस फिरवून पाहावी व जीत खर्ज अधिक भरींव वाटेल ती ठेवावी.

सर्वांत कठीण गोष्ट आवाज आंवरण्याची. उंच स्वर भिंतीशीं अडतात. मंद्र स्वर भिंत ओलांडून शेजाऱ्याच्या झोपेंत शिरतात. ‘सेन्सराउंड’नें खुर्च्या हादरविल्या, परंतु थोड्याच वर्षांत तें मागें पडलें, टिकली ती मंद्र ध्वनीस त्याचें उचित स्थान देणारी पद्धति. मैफलींत तंबोऱ्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं, पण तो थांबतांच सारें पोरकें होतें. पेटी चालू असतां तिची आठवण होऊं नये आणि बंद करतांच संगीताच्या पायाखालची जमीन सरकावी, हीच तिच्या योग्य मांडणीची कसोटी.