रक्ताच्या रंगाची कुळकथा

सप्टेंबर २०२०. कोरोनाच्या साथीत ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली आणि बुलढाणा जिल्ह्यात आशाताई दारोदार फिरू लागल्या. कपाशीत निंदून आलेल्या बाईनं हात धुवायचे, ताईंनी गार बोट चोळून ऊब आणायची, मग रक्तातला ऑक्सिजन मोजणारा पल्स ऑक्सिमीटरचा चिमटा लावायचा. ‘किती आलं व बाई?’ ‘सत्त्याण्णव, काकू.’ की जीव भांड्यात पडायचा.

हा चिमटा मुळात हृदयाचं काम मोजण्याच्या खटपटीतून आला. ऑक्सिजन मिळालेलं रक्त लालभडक दिसतं, तो गेला की काळपट. या रंगबदलाचं शास्त्र १८६४ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी मांडलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ग्लेन मिलिकन यांनी वैमानिकांसाठी कानाच्या पाळीला लावायचं यंत्र केलं आणि त्याला ‘ऑक्सिमीटर’ हे नाव दिलं. पुढे जपानच्या निहोन कोहदेन कंपनीत ताकुओ आओयागी वेगळ्याच कामात गुंतले होते. हृदय किती रक्त फेकतं ते त्यांना मोजायचं होतं. शिरेत रंगद्रव्य सोडायचं आणि कानातून प्रकाश आरपार नेऊन ते किती विरलं ते पाहायचं. पण नाडीच्या प्रत्येक ठोक्याला आलेख थरथरायचा. थरथर घालवायला त्यांनी दोन प्रकाशांचं गणित मांडलं, तर ऑक्सिजन बदलला की तेही कोलमडे. मग त्यांच्या लक्षात आलं, की ही थरथरच मोजायला हवी. १९७४ मध्ये पल्स ऑक्सिमीटरची कल्पना जगापुढे आली. एप्रिल २०२० मध्ये आओयागी गेले, तेव्हा जग त्यांचंच यंत्र शोधत होतं.

बोट मात्र धमनीतल्या रक्ताचीच खबर देतं. ते रक्त शरीरभर फिरून परतताना कसं आहे, हे कळायला धमनी आणि शीर दोन्ही उघड्या दिसायला हव्यात. अशी जागा एकच, डोळ्याचा पडदा. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी तिथे डोकावायचं साधन दिलं. साठच्या दशकात अमेरिकेत जॉन हिकम यांनी रंगीत गाळण्यांतून पडद्याचे फोटो काढून ऑक्सिजन मोजला. पुढे आइसलँडच्या रेक्याविकमध्ये आयनार स्टेफानसन आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी कॅमेराच घडवला. तो एका क्षणी ५७० आणि ६०० नॅनोमीटरच्या दोन प्रकाशांत फोटो घेतो. निरोगी माणसात धमनीत साधारण ९२ टक्के ऑक्सिजन दिसतो, शिरेत ५५.

मला या दोन आकड्यांतलं अंतर फार मोलाचं वाटतं. हृदय थकलं की रक्त रेंगाळतं, पेशी त्यातून जास्त ऑक्सिजन ओढून घेतात आणि शिरेतलं रक्त आणखी काळवंडतं. हृदयासाठी ही तपासणी अजून संशोधनाच्याच पायरीवर आहे. ईसीजी आणि इकोची जागा ती घेत नाही. पण सुई नाही, टोचणं नाही. हनुवटी पट्टीवर टेकवायची आणि एका ठिपक्याकडे पाहायचं. बोटं कितीही निबर असोत, इथे अडत नाही. अडतो तो मोतीबिंदू. भिंग गढूळ झालं की रंग नीट पोचतच नाहीत. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांचं हृदय डोळ्यातून पाहायचं, तर आधी तो काढावा लागेल.